राखून ठेवलेले तीन दिवस

दादा परदेशातून घरी आला की बाबा त्याला पाणी द्यायच्या आधी पासपोर्ट मागायचे. गुडगावच्या त्या फ्लॅटच्या दारात, बॅगा अजून लिफ्टमध्येच असताना, त्यांचा हात पुढे यायचा. दादाही तयारीचा. शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढून, नेमकं पान उघडून तो त्यांच्या हातात द्यायचा. बाबा चष्मा सावरून विमानतळावरच्या शिक्क्यातली तारीख वाचायचे, मान डोलवायचे आणि मगच वहिनीला म्हणायचे, पाणी आण गं. त्या शिक्क्याच्या शाईची मला शिसारी बसली आहे. आज इतक्या वर्षांनीही कुणी माझ्यासमोर पासपोर्ट उघडला तर मी दुसरीकडे बघते.

दादा आखातात, समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनिअर होता. महिनाभर तिकडे काम, मग महिनाभर घरी सुट्टी, अशी त्याची नोकरी. देश खुला झाला, खुला झाला असं जो तो म्हणत होता, त्या सुरुवातीच्या वर्षांत त्याला ती लागली. पगार डॉलरमध्ये. तिकडे त्या पगारावर कर नव्हता, आणि इकडेही नव्हता, पण एका अटीवर. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात त्याचे एकशे ब्याऐंशी दिवस भरता कामा नयेत. भरले, तर तो इथला रहिवासी ठरणार आणि तिकडच्या सगळ्या कमाईवर इथे कर द्यावा लागणार, हे आमच्या घरात पोराटोरांनाही पाठ होतं. आता महिना तिकडे आणि महिना इकडे म्हटल्यावर वर्षाचे निम्मे दिवस इथेच जाणार, हे कुणालाही कळेल. म्हणजे दोरी कायम ताणलेली. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले की बोंबललं.

हे सगळं कायदेशीर होतं, हे मीच आधी सांगून टाकते, कारण दादा ते दर वेळी सांगायचा. आपण चोरी थोडीच करतोय, हे त्याचं ठरलेलं वाक्य. खरंच चोरी नव्हती. चोरी असती तर कदाचित मला एवढी किळस आली नसती. चोराला निदान कुणी बघेल याची भीती तरी असते. इथे घरातल्या माणसाने घरी राहणं हाच खर्च होऊन बसला होता, आणि तो खर्च वाचवला म्हणून सगळे एकमेकांची पाठ थोपटत होते.

बाबांचं मी समजू शकत होते, निदान सुरुवातीला. आम्ही करोल बागेतल्या दोन खोल्यांत वाढलो. बाबा सरकारी हिशेब खात्यात होते, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आई गेली तेव्हा दादाने नुकताच गुडगावला फ्लॅट घेतला होता. तो बाबांना तिकडे घेऊन गेला, मी करोल बागेतच राहिले. करोल बागेत जिना उतरला की बोलायला चार माणसं होती, मराठी मंडळाचं वाचनालय होतं, गणपतीच्या वर्गणीवरून घालायला वाद होते. गुडगावला काय होतं? मोहरीच्या शेतांत उभे राहिलेले टॉवर, गेटवर सलाम ठोकणारा गार्ड, दिवसभर धडधडणारा जनरेटर आणि बाल्कनीच्या कठड्यावर रोज बोटभर साचणारी बांधकामाची धूळ. नातू शाळेत, वहिनी तिच्या गडबडीत. अशा माणसाला दादाच्या दिवसांचा हिशेब मिळाला आणि त्यांना गेलेली कचेरी परत मिळाली. स्वयंपाकघरातल्या मराठी दिनदर्शिकेवर, एकादशी आणि दूधवाल्याच्या खाड्यांच्या मधोमध, दादा घरी असलेला प्रत्येक दिवस ते लाल पेन्सिलीने रंगवायचे. ती पेन्सिल फ्रिजवर ठेवलेली असायची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

पुढे पुढे त्यातलं माणूसपण उडालं. ज्या दिवशी विमान उतरतं तो दिवस धरला जातो, म्हणून दादा मध्यरात्रीनंतर उतरणारं विमान शोधायचा. विमान वेळेआधी पोचलं आणि बाराच्या आत शिक्का पडला, तर बाबा दोन दिवस कष्टी असायचे. मुलगा लवकर आला म्हणून कष्टी झालेला बाप मी डोळ्यांनी पाहिला आहे. एकदा दाट धुक्यामुळे विमान उशिरा उतरलं, तर घरात बासुंदी झाली.

बरं, हे एकट्या आमच्याच घरातलं खूळ होतं असंही नाही. त्या टॉवरमध्ये बोटीवरचे होते, तेलावरचे होते, दुबईवाले होते. लिफ्टमध्ये भेटले की माणसं एकमेकांना प्रकृती विचारायची नाहीत. "कितने बचे?" असं विचारायची, आणि समोरचा उरलेले दिवस सांगायचा. कुणाचे जास्त उरले असतील तर बाकीच्यांच्या चेहऱ्यावर हेवा दिसायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणाला मोठं दुखणं झालं आहे.

मी दिल्लीतल्या एका शाळेत शिक्षिका. माझा कर मला पगार दिसायच्या आधीच कापला जायचा, आणि फेब्रुवारीत तर वर्षभराची बाकी एकदम कापून हातात असं काही यायचं की ते घेऊन घरी जायची लाज वाटावी. दादाला याची फार गंमत वाटायची. देश तुझ्याच जिवावर चाललाय बाई, म्हणायचा. आणि पाचच मिनिटांनी सोसायटीसमोरच्या रस्त्यावरचे खड्डे, पाण्याचे टँकर, गेलेली वीज यांवरून सरकारला शिव्या घालायचा. टॅक्स घेतात आणि करतात काय, असं त्याने एकदा माझ्या तोंडावर विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुला कशाला पंचाईत, तुझा कुठे घेतात, असं मी म्हटलं. वहिनी हसली. दादा नाही हसला.

एका वर्षी भाऊबीजेला तो सुट्टीवर होता, पण भारतात नव्हता. दिवस राखायचे म्हणून बँकॉकमध्ये जाऊन बसला होता. काम असतं तर मी एक शब्द बोलले नसते. भाऊ लांब असला की बहिणीने चंद्राला ओवाळायचं, ही आमच्याकडची रीत; आईने मला लहानपणी शिकवली होती, मामा नागपूरला असायचा म्हणून. त्या भाऊबीजेला मी करोल बागेच्या गच्चीवर तबक घेऊन गेले आणि द्वितीयेच्या कोरीला ओवाळलं. रात्री त्याचा फोन आला. इथूनही तोच चंद्र दिसतो, म्हणाला, आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन हसला. मी म्हटलं, तिथे पोहायला जा, आणि फोन ठेवला.

मग ते वर्ष आलं. पावसाळ्यात दादाच्या तेलविहिरीचा सगळा सांगाडा दुरुस्तीसाठी गोदीत नेला आणि कंपनीने त्याला भरपगारी घरी बसवलं. तो सलग दोन महिने जास्तीचा घरी होता. मुलगा दोन महिने नजरेसमोर आहे याचा बाबांना आनंद होईना. ते रोज सकाळी लाल पेन्सिल हातात घेऊन दिनदर्शिकेपुढे उभे राहायचे आणि उसासा टाकायचे. जेवताना दादाकडे असे बघायचे की जणू तो आमटी नाही, घरातली शिल्लक ओरपतोय. नातवाच्या शाळेचं संमेलन जवळ आलं तेव्हा त्यांनीच दादाला दोन आठवडे कोलंबोला पिटाळलं. नातवाला राजा केला होता, पुठ्ठ्याचा मुकुट घालून. त्याचे फोटो दादाने नंतर पाहिले.

फेब्रुवारीत दादा परत कामावर गेला त्या रविवारी मी गुडगावला गेले होते. बाबांनी मला दिनदर्शिकेजवळ बोलावलं. मार्चची सुट्टी दादाला बाहेरच काढावी लागणार, काठमांडूला हॉटेल सांगितलं आहे, असं ते म्हणाले. मग आवाज उतरवून, वहिनीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणाले,

"तीन ठेवलेत राखून. माझ्यासाठी लागतील."

मला आधी कळलंच नाही. बाबांना दम लागत होता, त्या धुळीने त्यांची छाती कायमची भरलेली असायची, पण ते चालतेफिरते होते. आणि या माणसाने स्वतःच्या अंत्यसंस्काराची सोय मुलाच्या कराच्या हिशेबात करून ठेवली होती. एक दिवस येण्याचा आणि अग्नी देण्याचा, एक मधला, एक अस्थी गोळा करून परत जाण्याचा. हे त्यांनी मला बोटांवर मोजून समजावलं. त्यांना वाटत होतं, मी कौतुक करीन. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला याची घाण कशी वाटत नाही? त्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, अगं, त्याचंच नुकसान वाचवतोय.

मार्च लागला आणि बाबांना न्यूमोनिया झाला. महामार्गाजवळ नवंच रुग्णालय निघालं होतं, बाहेरून हॉटेलसारखं चकचकीत. तिथे त्यांना ठेवलं. मी शाळेतून रजा काढली. सकाळी करोल बागेतून बस पकडायची, धौला कुआँला बदलायची, मानेसरच्या कारखान्यांकडे कामगार घेऊन निघालेल्या बसगाड्यांच्या मागोमाग धूर खात गुडगावला पोचायचं, आणि संध्याकाळी वहिनी आली की परतायचं. दादा तेव्हा काठमांडूत होता. दिल्लीहून विमानाने दीड तास. माझा बसचा प्रवास त्याहून मोठा होता.

तो तिथे काय करत होता, तर काही नाही. सकाळी नाश्ता, मग फेरफटका, दुपारी टीव्हीवर क्रिकेट. हे तोच मला फोनवर सांगायचा, कंटाळा आलाय म्हणून. आपल्या माणसाला नेपाळात पासपोर्टवर शिक्का लागत नाही, पण हा तिथल्या अधिकाऱ्याच्या मागे लागून तो मारून घ्यायचा, कारण पुढे पुरावा लागतो. आजारी बापापासून लांब असल्याचा पुरावा.

रुग्णालयासमोरच्या एसटीडी बूथवरून मी त्याला रोज फोन करत असे. तो रोज विचारायचा, डॉक्टर काय म्हणतात, किती दिवस? मी म्हणायचे, डॉक्टर असं सांगत नसतात. त्याची अडचण मला कळत होती. राखून ठेवलेले तीन दिवस आत्ता बाबांना भेटण्यात घालवले आणि ते महिनाअखेरीच्या आत गेले, तर नंतरसाठी काय उरणार, हा त्याचा सवाल होता. मी म्हटलं, एक आत्ता वापर, दोन नंतर. भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं मी हे बोलले. तो म्हणाला, बाबांनीच सांगितलंय, ते तीन मोडायचे नाहीत. बूथमधल्या मीटरचे लाल आकडे पळत होते आणि बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करत होता.

बाबा रोज सकाळी मला तारीख विचारायचे. दादा कधी येणार असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. तारीख विचारायचे, मी सांगितली की डोळे मिटायचे. एप्रिल उजाडेपर्यंत तग धरायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसत होतं. एक तारखेला नवं वर्ष लागतं, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला मिळतात. मग दादा हवा तितका राहील.

पण एका दुपारी, मी त्यांच्या ओठांना पाणी लावत होते तेव्हा, त्यांनी प्राणवायूचा मास्क हाताने बाजूला केला. तारीख विचारतील असं मला वाटलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते.

"त्याला सांग, आला तरी मी रागावणार नाही."

एवढंच बोलले आणि मास्क पुन्हा लावून घेतला. माझ्या सगळ्या आयुष्यात बाबांनी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागणंच होतं. हिशेब खात्यातल्या माणसाने, ज्याने एक दिवस इकडचा तिकडे होऊ दिला नाही त्याने, नियम मोडायला परवानगी दिली होती, आणि तीही अशा शब्दांत की मुलाला ओशाळं वाटू नये.

मी धावत बूथवर गेले. दादाला शब्द न् शब्द सांगितला. तो म्हणाला, बाबा तापात बोलत असतील. मी म्हटलं, ताप कालच उतरलाय. तो म्हणाला, बरं, मी सीएंना विचारतो, उद्या सांगतो. सीए म्हणजे आमचे करोल बागेतले जुने सनदी लेखापाल, पंजाबी गृहस्थ. दादाचा कर तेच बघायचे आणि बाबांचंही विवरणपत्र वर्षानुवर्षं तेच भरायचे. बापाला भेटायचं की नाही हे सीएंना विचारणार, असं मी ओरडले. बूथवाल्याने दार उघडून आत डोकं घातलं. मी पैसे टाकले आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला.

"सीए नाही म्हणाले," दादा म्हणाला. "वर्षाची सगळी कमाई करात जाईल म्हणाले. मोजताना आपला एखादाच दिवस चुकला असेल, तरीसुद्धा. एक तारखेला सकाळीच येतो."

हे बाबांना कोण सांगणार? मीच. त्यांच्या उशाशी बसले आणि सांगितलं की सीए नको म्हणाले. खोटं सांगावं असं मनात आलं होतं, की विमान मिळत नाही, की तो वाटेत आहे. पण या घरात आकड्यांबाबत खोटं बोलायची सवय कुणालाच नव्हती. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. मान डोलावली, पासपोर्टवरची तारीख बरोबर निघाल्यावर डोलवायचे तशीच.

"बरोबर आहे," म्हणाले. "मीच चुकलो. उगाच विचारलं."

त्यानंतर त्यांनी मला तारीख विचारली नाही. दोन दिवसांनी, संध्याकाळी, ते गेले. वहिनीने काठमांडूला कळवलं.

दादा त्याच रात्री विमानात बसला. आणि तरीही बारा वाजून गेल्यावरच उतरला. मुद्दाम की योगायोगाने, ते मी विचारलं नाही. दारात आला तेव्हा त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, पासपोर्टसाठी. मग त्याच्या लक्षात आलं, की मागणारा आतल्या खोलीत आडवा आहे, आणि तो ढसाढसा रडला. मलाही रडू फुटलं. तेवढ्यापुरता मला त्याचा राग आला नव्हता.

पण पुढचे तीन दिवस जे झालं त्याने मला ओकारी यायची बाकी होती. अग्नी दादाने दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या आणि त्याच संध्याकाळी तो विमानतळावर गेला, कारण तीन दिवस भरले होते. टॉवरमधली माणसं भेटायला आली होती, पांढरे कपडे घालून, हळू आवाजात बोलत. त्यांना हे सगळं सांगावं लागलं नाही, त्यांना कळत होतं. एक तारखेला परत येऊन दादाला दहावा, बारावा, तेरावा सगळं करता येणार होतं, मध्ये काहीच चुकत नव्हतं. खालच्या मजल्यावरचा बोटीवरचा कप्तान दादाचा हात हातात घेऊन म्हणाला, "देखो, जाते जाते भी आपका कितना खयाल रखा." चारजणांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, पुण्यवान माणूस, किती नेमका दिवस निवडला. मी स्वयंपाकघरात गेले. दिनदर्शिकेवर मार्चचं पान होतं आणि त्यावरचे ते शेवटचे तीन दिवस रंगवायला आता कुणी नव्हतं. वहिनीने लाल पेन्सिल घेतली, ते तीन चौकोन रंगवले आणि पेन्सिल परत फ्रिजवर ठेवली. मला म्हणाली, नाहीतर त्यांना चैन पडलं नसतं.

जन्मभर मी हेच धरून चालले असते, की दोष त्या नियमाचा. की नियम दगड असतो, त्यात माणूस चिरडला, काय करणार. सीएंवर राग होता, पण तोही दुरून. मग जुलैत बाबांचं शेवटचं विवरणपत्र भरायचं निघालं. माणूस गेला तरी त्याच्या पेन्शनचा हिशेब सरकारला द्यावा लागतो, आणि तो वारसाने द्यायचा असतो. दादा कामावर होता. मी जवळच राहते म्हणून मी गेले.

सीएंचं ऑफिस करोल बागेत, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर. चहा मागवला, बाबांबद्दल चांगलं बोलले, कागद बघितले. आम्ही सही करण्यापर्यंत आलो होतो. माझ्या पोटात ते इतके दिवस साचलेलं होतं, ते बाहेर पडलं. मी म्हटलं, तुम्ही तेव्हा एक दिवस हो म्हणाला असतात तर माझ्या वडिलांना मुलगा दिसला असता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला नाही, ते गोंधळले.

"बेटा, मैंने तो उसी दिन बोला था, आ जाइए. आपके भाईसाहब बरसों से बाहर हैं. ऐसे आदमी के एकाध साल दिन ज्यादा हो भी जाएँ, तो बाहर की तनख्वाह पर यहाँ टैक्स नहीं लगता. हर साल की आदत मत बनाइए, ये मैं सबको कहता हूँ. पर पिताजी बीमार हैं, तो बिल्कुल आ जाइए. दो बार बोला था मैंने."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. दादाने काय उत्तर दिलं होतं, हेही मी विचारलं. त्याने आभार मानले होते आणि मी बघतो म्हणाला होता. मी सही केली, जिना उतरले आणि त्या दुकानासमोर, टायरांच्या ढिगाशेजारी, उभी राहिले. कितीतरी माणसं मला धक्का देऊन पुढे गेली.

दादाला मी तेव्हा काही विचारलं नाही. फोनवर विचारायची ती गोष्ट नव्हती, आणि समोर बघायची माझी तयारी नव्हती. श्रावणात राखी पाठवली नाही. वहिनीने विचारलं तेव्हा दुखवट्याचं वर्ष आहे असं सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य फिरत होतं, आणि ते दादाचं नव्हतं. मीच चुकलो. उगाच विचारलं. बाबा मरताना स्वतःला चूक ठरवून गेले होते, आणि ती चूक नव्हती. त्यांना ते कधी कळणार नव्हतं.

भाऊबीजेला दादा गुडगावला होता. नवीन वर्षाचे दिवस भरपूर शिल्लक होते आणि आता ते कुणी मोजतही नव्हतं. वहिनीने आग्रहाने बोलावलं. सण नाही करायचा, पण भाऊबहिणीने भेटायला काय हरकत आहे, म्हणाली. मी संध्याकाळी पोचले. पाट मांडला होता, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता. दादा टोपी घालून पाटावर बसला. डोक्यावरचे केस पिकले होते त्याचे. मी निरांजन लावलं, तबक उचललं आणि तसंच हातात धरून विचारलं,

"मार्चमध्ये सीए काय म्हणाले होते?"

त्याने वर बघितलं. मी कुठे जाऊन आले हे त्याला लगेच कळलं असावं. वहिनी दारात उभी होती, तिला काहीच माहीत नव्हतं, ती आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. दादाने टोपी सारखी केली.

"मला बाबांना तसं बघवलं नसतं," तो म्हणाला.

इतकंच होतं. कर नव्हता, कायदा नव्हता, एकशे ब्याऐंशीचा आकडा नव्हता. नळ्या लावलेल्या बापाजवळ बसायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि त्यासाठी लागणारं कारण आमच्या घराने त्याला इतकी वर्षं तयार करून, लाल पेन्सिलीने रंगवून, हातात दिलं होतं. मी बघितलंच होतं की. मला बघवत होतं असं कोणी सांगितलं त्याला? मला त्याच्या चेहऱ्याचा, त्या टोपीचा, त्या कोऱ्या कडक सदऱ्याचा वीट आला. ओवाळणीची पाकिटात घातलेली नोट त्याने पाटाशेजारी आधीच काढून ठेवली होती.

निरांजन विझेल म्हणून मी हाताचा आडोसा केला आणि तबक घेऊन बाल्कनीत गेले. समोर नव्या टॉवरचं बांधकाम चाललं होतं. त्याच्या आणि शेजारच्या टॉवरच्या मधल्या फटीत, फटाक्यांच्या धुरात, द्वितीयेची कोर अजून मावळायची होती. वहिनी मागून म्हणाली, अगं, हे बसलेत की. मी चंद्राला कुंकू दाखवलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. आत पाटावर दादा तसाच बसून होता.